पाटी नसलेल्या स्टेशनसाठी माणसं शोधताना

युद्धकाळातला रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या मॉडेल्सचा धावता देखावा, करायचा म्हटलं की सगळ्यात आधी रणगाडे हाती लागतात. ते शोधावे लागत नाहीत. कुठलाही कॅटलॉग उघडा, जुन्या मॉडेल्सच्या विक्रीत डोकवा, ओळखीच्या छंदिष्टांची खोकी उपसा; शर्मन आणि चर्चिल ओळीनं उभे असतात आणि त्यांच्याभोवती मशीनगन रोखलेले, हातबाँब भिरकावणारे, पोटावर सरपटणारे सैनिक. मला हवी असलेली माणसं सरपटत नव्हती. ती फलाटावर गाडीची वाट बघत होती. काळ मे १९४४. मुलूख इंग्लंडच्या पूर्वेचा, केंब्रिजशायरचा, सपाट आणि पाणथळ. रेल्वे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, म्हणजे एलएनईआर. नॉर्मंडीवरची चढाई आठवड्यावर आलेली आहे आणि स्टेशनातल्या एकालाही ते ठाऊक नाही. हे मनाशी पक्कं झाल्यावर त्या एका महिन्यात खपतील अशी इंजिनं, वाघिणी आणि माणसं जमवायच्या मागे मी लागले.

स्टेशन माझं काल्पनिक आहे, मुलूख मात्र खरा, आणि तो निवडायला कारण आहे. याच भागात सोहम नावाचं गाव आहे. २ जून १९४४ च्या मध्यरात्रीनंतर बाँबनी भरलेली एक मालगाडी तिथे येत होती. इंजिनाला लागून असलेल्या वाघिणीनं पेट घेतल्याचं ड्रायव्हर बेंजामिन गिम्बर्ट यांनी पाहिलं. गाडी थांबवली. फायरमन जेम्स नाइटॉल खाली उतरले, जळती वाघीण बाकीच्या गाडीपासून सोडवली आणि दोघं ती एकटी वाघीण ओढत गावाबाहेर न्यायला निघाले. स्टेशनातच तिचा स्फोट झाला. नाइटॉल आणि सिग्नलमन फ्रँक ब्रिजेस गेले, गिम्बर्ट वाचले. मागची सगळी गाडी फुटली असती तर गाव उरलं नसतं. गिम्बर्ट आणि नाइटॉल या दोघांना जॉर्ज क्रॉस मिळाला. रूळ त्याच दिवशी रात्रीपर्यंत दुरुस्त होऊन वाहतूक चालूही झाली, कारण चार दिवसांनी काय होणार होतं ते वरच्या लोकांना माहीत होतं. मला स्फोट दाखवायचा नव्हता. त्याच्या आधीच्या आठवड्यातला तो मुलूख दाखवायचा होता, जिथे असल्या गाड्या रोज रात्री जात होत्या आणि कुणी मान वळवून बघत नव्हतं.

महिना ठरवला म्हणून पुढचं सगळं सोपं झालं, आणि अवघडही. मॉडेलच्या खोक्यांवर कालखंडाचा आकडा छापलेला असतो. ब्रिटिश पद्धतीत ‘तिसरा कालखंड’ म्हणजे १९२३ ते १९४७. यात १९३५ चं झळाळतं हिरवं एक्स्प्रेस इंजिनही बसतं आणि १९४४ चं काजळलेलं काळंही. युरोप खंडातल्या पद्धतीतला दुसरा कालखंडही असाच पसरट आहे. दोन्ही युद्धांमधला काळ आणि दुसरं युद्ध त्यात एकत्र येतं. खोक्यावरच्या आकड्याचा उपयोग एवढाच की १९४८ नंतरचं राष्ट्रीयीकरण झालेलं ब्रिटिश रेल्वेचं सामान बाजूला काढता येतं. बाकी सगळं इंजिनाच्या अंगावरून वाचावं लागतं: क्रमांक, अक्षरं, रंग आणि कुठला भाग आहे, कुठला नाही.

प्रमाणाचा प्रश्न त्याआधी मिटवावा लागतो, कारण इथे रेल्वेवाले आणि रणगाडेवाले यांची भाषा वेगळी आहे. ब्रिटिश रेल्वे मॉडेल्स मुख्यतः ओओ गेजमध्ये, म्हणजे १:७६ प्रमाणात असतात. अमेरिका आणि युरोपात एचओ, १:८७. गंमत म्हणजे दोन्हींचे रूळ एकच, १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश इंजिनं मुळात अरुंद आणि बुटकी. जुन्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात म्हणून इंजिनं थोडी फुगवली आणि रूळ होते तेच ठेवले, ती तडजोड आजवर चालू आहे. लष्करी मॉडेल करणाऱ्यांचं आवडतं प्रमाण तिसरंच, १:७२. सहा फुटी माणूस १:८७ मध्ये २१ मिलिमीटर भरतो, १:७६ मध्ये २४ आणि १:७२ मध्ये साडेपंचवीसच्या जरा आत. माणसांच्या बाबतीत शेवटचे दोन आकडे मी खुशाल मिसळले. माणसं काय सगळी एका उंचीची नसतात. वाहनांना मात्र ही सूट नाही. शर्मन रणगाडा १:७२ मध्ये १:७६ पेक्षा चार मिलिमीटरनं लांब आणि दोननं रुंद होतो, आणि वाघिणीवर चढवला की तो बाजूंनी जास्त आलेला डोळ्यांत खुपतो. त्यामुळे माझा नियम असा: चाकं आणि पट्टे असलेलं सगळं १:७६, हातपाय असलेलं चालेल तसं.

इंजिनांत मला पहिलं हवं होतं ते वॉर डिपार्टमेंटचं ऑस्टेरिटी २-८-० (पुढे दोन छोटी चाकं, मग आठ मोठी, मागे एकही नाही). सोहमच्या गाडीला हेच इंजिन होतं, क्रमांक ७३३७. आर. ए. रिडल्स यांनी युद्धासाठी आखलेलं हे इंजिन नावाप्रमाणेच काटकसरी आहे. रेल्वे अभियंते स्टॅनियर यांच्या ८एफ या मालगाडीच्या इंजिनावरून ते बेतलं, पण निमुळत्या बॉयलरऐवजी सरळ नळकांड्यासारखा बॉयलर घेतला, महागडे ओतीव पोलादी भाग जमतील तिथे टाळले, शोभेचं काही ठेवलं नाही. १९४३ ते १९४५ या काळात ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी आणि व्हल्कन फाउंड्री यांनी मिळून अशी ९३५ इंजिनं बांधली. फ्रान्समध्ये उतरवायची वेळ येईपर्यंत ती ब्रिटनमधल्याच कंपन्यांना वापरायला दिली होती आणि त्यातला मोठा वाटा एलएनईआरकडे होता. माझ्या मुलखासाठी याहून योग्य इंजिन नाही.

बाखमन या मॉडेल कंपनीनं हे ओओमध्ये काढलेलं आहे, त्यामुळे ते मिळेल की नाही ही काळजी नव्हती. अडचण होती ती कुठल्या वयाचं मिळेल ही. युद्धानंतर यातली ७३३ इंजिनं ब्रिटिश रेल्वेकडे आली, ९० हजारांच्या पुढचे क्रमांक घेऊन १९६० च्या दशकापर्यंत राबली. मॉडेल घेणाऱ्या बहुतेकांना तीच आठवतात, म्हणून जुन्या बाजारातही काळ्या रंगाची, ९० हजारी क्रमांकाचीच जास्त दिसतात. नुसता क्रमांक खरवडून ती १९४४ ची होत नाहीत. युद्धातलं इंजिन युरोपात जायचं होतं, तिकडच्या गाड्यांना हवेचे ब्रेक, म्हणून त्याच्या अंगावर वेस्टिंगहाउसचा हवेचा पंप होता. ब्रिटिश रेल्वेनं तो पुढे काढून टाकला. उलट १९६० च्या आसपास विजेच्या तारांची सूचना देणाऱ्या छोट्या पट्ट्या इंजिनांवर चिकटल्या. युद्धातला रंग तर वेगळाच, मळकट खाकी. विकणाऱ्याकडून फोटो मागवताना मी दोन्ही बाजू आणि धुरांड्याखालचा पुढचा भाग मागायचे आणि आधी पंप शोधायचे. क्रमांकातही तारीख लपलेली असते. सुरुवातीला या इंजिनांना चार आकडी क्रमांक होते, पुढे त्यात ७०,००० मिळवले गेले. ७३३७ चं ७७३३७ झालं. म्हणजे पाच आकडी क्रमांकाचं खाकी इंजिन देखणं असलं तरी माझ्या फलाटासाठी ते पुढच्या काळातलं.

७३३७ हा क्रमांक माझ्या इंजिनाला लावायचा की नाही यावर बराच विचार केला. शेवटी लावला नाही. तो क्रमांक आला की बघणारा बाकीचं काही बघत नाही, स्फोटाचीच वाट बघतो. शिवाय त्या इंजिनाची खरी गोष्ट स्फोटापाशी संपत नाही. ते दुरुस्त झालं, हॅम्पशायरमधल्या लाँगमूर लष्करी रेल्वेवर गेलं आणि तिथे ‘सर गाय विल्यम्स’ या नावानं सैनिकांना रेल्वे चालवायला शिकवत राहिलं. मी शेजारचा एक क्रमांक घेतला. फॉक्स ट्रान्सफर्ससारख्यांकडे क्रमांक आणि अक्षरांचे छापील कागद मिळतात, ते पाण्यात भिजवून छाप इंजिनावर सरकवायचे आणि वरून मॅट वार्निशचा हात द्यायचा.

सेकंडहँड इंजिन घेताना युद्धाशी संबंध नसलेल्या दोन गोष्टीही बघाव्या लागतात. एक, इंजिन खरोखर धावतं का. नुसतं ‘चालू स्थितीत’ लिहिलेलं पुरत नाही, दोन्ही दिशांना सावकाश धावतानाचा व्हिडिओ मागावा. दुसरी, चासीचा ओतीव भाग. काही मॉडेल्समध्ये जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ झालेली असते आणि वर्षं गेली की तो भाग फुगतो, तडकतो, शेवटी चुरा होतो. यावर इलाज नाही. तळाचा स्पष्ट फोटो द्यायला कुणी टाळाटाळ केली की मी तो सौदा सोडून द्यायचे.

दुसरं इंजिन जे१५, तीन जोड चाकांचं म्हाताऱ्या घराण्यातलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून पूर्व इंग्लंडच्या शाखामार्गांवर हीच इंजिनं हमाली करत आलेली. हॉर्नबीनं ते छान केलंय. इथे परीक्षा टेंडरवरच्या, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळशा-पाण्याच्या गाडीवरच्या, अक्षरांची. १९४२ पासून एलएनईआरनं रंगाऱ्यांचं काम वाचवायला टेंडरवर चारऐवजी दोनच अक्षरं लिहायला सुरुवात केली, ‘एनई’. आणि १९४६ मध्ये सगळ्या इंजिनांचे क्रमांक बदलले. आज नॉरफोकमध्ये जतन केलेलं जे१५ युद्धात ७५६४ होतं, १९४६ नंतर ५४६२ झालं, ब्रिटिश रेल्वेत ६५४६२. त्यामुळे पाच हजारी क्रमांकाचं जे१५ म्हणजे युद्ध संपल्यावरचं. एवढा एक नियम पाठ केला तर निम्मे मोह टळतात. माझ्या जे१५ वर ‘एनई’ ही अक्षरं मी मुद्दाम काजळीखाली अर्धवट झाकली. १९४४ मध्ये इंजिनं धुवायला माणसं नव्हती.

आणि अमेरिकन एस१६०. ही मला हवीच होती. १९४२ च्या शेवटाला ती जहाजांतून ब्रिटनमध्ये उतरू लागली. त्यातली सुमारे चारशे ब्रिटिश कंपन्यांनी वापरली. एकूण २,१२० बांधली गेली, जगभर पांगली, आणि याच घराण्यातली साठ ब्रॉडगेज इंजिनं भारतात ‘एडब्ल्यूसी’ म्हणून आली, हे मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मला ओओमध्ये तयार धावतं एस१६० काही हाती लागेना. रोकोचं आहे, पण एचओमध्ये. ऑस्टेरिटीशेजारी उभं केलं की ते पोरसवदा दिसतं. एका जुन्या जाणत्या छंदिष्टांना विचारलं, तर ते म्हणाले, “शेजारी उभं करताच कशाला? मागे न्या. रूळ एकच आहेत ना!” लेआउटच्या मागच्या कडेला, शेतांपलीकडे एक बुटका भराव घातला, त्यावर एकेरी रूळ टाकला, आणि एचओ इंजिन तिथून जातं. बघणाऱ्याला ते लहान नाही, लांब वाटतं. त्याच भरावाखालच्या शेतात राबणारी माणसं प्रायझर या जर्मन कंपनीची, १:८७ ची. लांबच्या माणसांसाठी प्रायझरसारखा खजिना नाही. फक्त त्यांचे कपडे जर्मन वळणाचे असतात, टोप्या तेवढ्या कापून बदलाव्या लागतात.

वाघिणींबद्दल थोडक्यात, कारण इथे शोधण्यापेक्षा बिघडवण्याचं काम जास्त. युद्ध सुरू होताच खासगी मालकीच्या कोळशाच्या वाघिणी सरकारनं एकत्र केल्या, रिकामी वाघीण मालकाकडे परत पाठवायचा नियम संपला. म्हणून कुठल्याही खाणीचं नाव लिहिलेली वाघीण माझ्या स्टेशनात चालते, हे फार सोयीचं आहे. मॉडेल बाजारात त्या लाल, पिवळ्या, निळ्या, नव्याकोऱ्या अक्षरांच्या येतात. १९४४ मध्ये त्यांना पाच वर्षं रंग लागलेला नव्हता. मी अक्षरं फिकी करते, एकदोन फळ्या खरवडून कोऱ्या लाकडाच्या रंगात रंगवते, जणू तुटलेली फळी बदलली आणि रंगवायला वेळ मिळाला नाही. नव्या वाघिणीसुद्धा युद्धात बिनरंगाच्या लाकडाच्याच निघत, क्रमांकापुरता काळा चौकोन तेवढा रंगवलेला. बाँबच्या गाडीला तर वेगळं काहीच लागत नाही. साध्या उघड्या वाघिणी आणि वर ताडपत्री. पातळ कागदाला आतून चॉकलेटची चांदी चिकटवली की तो कागद ताडपत्रीसारखा दुमडतो आणि दुमड धरून ठेवतो. त्यावर राखाडी काळा रंग, एका कोपऱ्यात क्रमांक, शिवणकामाच्या बारीक दोऱ्यानं बांधणी. लेआउटवरची सगळ्यात धोकादायक गाडी बघणाऱ्याला सगळ्यात कंटाळवाणी वाटते. तसंच हवं होतं.

रणगाड्यांची गाडी ठेवायची का? ठेवली, पण छोटी. शर्मन सपाट वाघिणीवर चढवला की तो पूल आणि बोगद्यांच्या मापाबाहेर उंच जातो, म्हणून ब्रिटननं ‘वॉरवेल’ नावाची, मधोमध खोलगट, ५० टनी वाघीण बनवली. बुटक्या रणगाड्यांना सपाट ‘वॉरफ्लॅट’ पुरत असे. वॉरवेल ओओमध्ये तयार मिळते, मात्र बोगींकडे, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या सांगाड्यांकडे, लक्ष द्यावं. मूळच्या वाघिणींना चौकटीत तिरप्या पट्ट्या असलेल्या ‘डायमंड’ बोगी होत्या. पुढे कित्येक वाघिणींच्या बोगी बदलल्या, कारण त्या वाघिणी युद्धानंतरही अनेक दशकं लष्करानं वापरल्या. त्यामुळे मॉडेलही दोन्ही प्रकारच्या बोगींची निघतात. शर्मन मी ऑक्सफर्ड डायकास्टचा घेतला; १:७६ चं माप त्यांच्याकडे डोळे झाकून घ्यावं.

या सगळ्या शोधात जर्मन गाड्या सारख्या समोर येतात, कारण एचओमध्ये त्यांच्याइतकी विपुलता कशातच नाही. ‘क्रीग्सलोक’ म्हणून ओळखलं जाणारं ५२ क्रमांकाच्या मालिकेचं इंजिन १९४२ पासून सहा हजारांहून जास्त बांधलं गेलं. ऑस्टेरिटीचंच ते शत्रुपक्षातलं भावंड. तेच काटकसरीचं गणित, आणखी निष्ठुरपणे मांडलेलं. अभियांत्रिकी म्हणून बघायला विलक्षण. कित्येकांनी मला तोच लेआउट करायचा सल्ला दिला. जर्मन कायद्यानं नाझी चिन्हं मिरवायला बंदी असल्यामुळे तिथल्या मॉडेल्सवर गरुड असतो आणि त्याच्या पायाखालचं वर्तुळ बहुधा रिकामं. काही जण वेगळी चिन्हं मिळवून ती जागा भरतात आणि याला ऐतिहासिक अचूकपणा म्हणतात. मला ते पटत नाही. अचूकपणाच हवा तर तो पूर्ण हवा. त्याच राइखस्बाननं, म्हणजे जर्मन सरकारी रेल्वेनं, त्याच बंद मालवाघिणींतून लाखो माणसांना मृत्यूच्या छावण्यांकडे नेलं. वर्तुळ भरायचं आणि वाघिणीत काय होतं त्याकडे बघायचं नाही, असा निवडक काटेकोरपणा मला जमणार नव्हता. दुसरं कुणी तो काळ जबाबदारीनं मांडत असेल तर माझी हरकत नाही. मी त्या वाटेला गेले नाही.

आता माणसं. खरा वेळ यांनीच खाल्ला.

एअरफिक्स १९५९ पासून छोट्या मऊ प्लॅस्टिकच्या सैनिकांची खोकी काढत आहे आणि माझ्या कामाचे दोन संच त्यांच्याकडे सापडले: ब्रिटिश हवाई दलाची माणसं आणि अमेरिकन हवाई दलाची माणसं. यांत कुणी कुणावर गोळी झाडत नाही. मेकॅनिक आहेत, हातात काहीतरी धरलेले आहेत, नुसते उभे राहिलेले आहेत. १९४४ च्या पूर्व इंग्लंडमध्ये दर काही मैलांवर विमानतळ होता आणि अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची पोरं सुट्टीच्या दिवशी अशाच स्टेशनांवरून केंब्रिजला किंवा लंडनला जात. त्यामुळे त्यांची फलाटावर गर्दी हवीच. मऊ प्लॅस्टिकवर रंग टिकत नाही, हे मात्र खरं. आधी कोमट साबणाच्या पाण्यानं धुवावं लागतं, मग पातळ पांढऱ्या गोंदाचा एक हात, त्यावर ॲक्रिलिक. साच्याची शिवण घासून काढायला गेलं तर प्लॅस्टिकला केसासारखे तंतू सुटतात. पातळ पातं गरम करून शिवणीवरून हलकेच फिरवावं. फार जुने संच घेताना एखादी बंदूक वा घोटा वाकवून बघायला सांगावं, कारण काही प्लॅस्टिक वयानं ठिसूळ होतं आणि रंगवल्यावर तुटतं.

संचातल्या सगळ्यांना एकच त्वचेचा रंग द्यायचा मोह आवरला. रेल्वेनं आलेले बाँब स्टेशनापासून विमानतळांपर्यंत नेणाऱ्या ट्रकच्या कित्येक तुकड्या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांच्या होत्या. तेव्हाचं अमेरिकन लष्कर वर्णानं विभागलेलं होतं, तुकड्याच वेगळ्या. माझ्या मालधक्क्यावर ट्रक भरणारी तुकडी म्हणून तशी रंगवली. खोक्यावरच्या चित्रांत ती माणसं दिसत नाहीत, काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत दिसतात.

भारतीय सैनिकही हवे होते, आणि ते ब्रिटनमध्ये होतेही. ‘फोर्स के६’ नावानं खेचरांच्या तुकड्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून निघून फ्रान्सला गेल्या, डंकर्कहून माघार घेऊन ब्रिटनमध्ये आल्या आणि तिथेच काही वर्षं राहिल्या. फेटे बांधलेले जवान इंग्लंडच्या फलाटावर खेचरांसह उभे आहेत, यापेक्षा सुंदर देखावा मला सुचला नसता. पण १९४४ च्या सुरुवातीला त्यांना मायदेशी पाठवलं गेलं. माझा महिना मे. चार-पाच महिन्यांनी हुकलं, आणि मी महिना बदलला नाही. बदलला असता तर ऑस्टेरिटीपासून सगळं पुन्हा तपासावं लागलं असतं.

खरी टंचाई सुरू होते ती गणवेश नसलेल्यांपाशी, आणि रेल्वेच्या गणवेशातल्या बायकांपाशी. युद्धात ब्रिटिश रेल्वेत एक लाखाहून अधिक स्त्रिया कामाला होत्या. त्या हमाल होत्या, तिकीट तपासनीस होत्या, सिग्नल केबिनमध्ये होत्या, इंजिनं पुसत होत्या. मॉडेलच्या दुनियेत मात्र फलाटावरची बाई बहुधा टोपी घालून, हातात पर्स धरून कुणाला तरी निरोप देत असते. मोडेलूसारखे लोक खऱ्या माणसांना त्या काळचे कपडे घालून त्रिमितीय स्कॅन करतात आणि हव्या त्या प्रमाणात रेझिनमध्ये छापून देतात. त्यांची माणसं बघितली की जुनी धातूची माणसं मेणाच्या बाहुल्या वाटू लागतात. काही जण मी तिथून घेतले. पण सगळा फलाट त्यांच्यावर भरायचा तर पाकीट रिकामं होतं, म्हणून उरलेल्या बायका मी पुरुष हमालांतून घडवल्या. सडपातळ बांध्याचा हमाल निवडायचा, खांदे कानशीनं थोडे उतरवायचे, मिशी असेल तर घासायची, टोपीच्या मागे पुट्टीचा अंबाडा किंवा गुंडाळलेले केस बसवायचे. विजार तशीच ठेवायची, त्यांनी विजारीच घातल्या होत्या. सामानाची ढकलगाडी तीच, हात तेच.

नागरिक बायकांसाठी एकच माप लक्षात ठेवलं: झगा गुडघ्याच्या जरा खाली. जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होतं, कापड वाचवणारे नियम होते, घेरदार झगे नाहीत. एडवर्डियन काळातल्या घोळदार आकृत्या स्वस्तात मिळतात, त्यांचा झगा कापून खाली तारेचे पाय लावता येतात, पण त्या कष्टात चेहरा चिरडतो. त्यापेक्षा १९३० च्या दशकातल्या बायका घेऊन त्यांचे रंग उतरवणं बरं. तपकिरी, निळसर करडा, विटका हिरवा. एकीलाही नवा कोट दिला नाही. शेतात राबणाऱ्या विमेन्स लँड आर्मीच्या मुलींसाठी हिरवा स्वेटर, तपकिरी चुणीदार विजार आणि टोपी. त्यासाठी घोडेस्वारी करणाऱ्या मुलींचा एक संच मिळाला. घोडे वेगळे काढून ठेवले. गॅस मास्कचे खोके मात्र कुणाच्याच गळ्यात नाहीत. तयार संचांत ते हमखास येतात, कारण ‘युद्धकाळ’ म्हटलं की तेच आठवतात. १९४४ पर्यंत लोकांनी ते घरी ठेवून दिले होते. मी एकेक खोकं पात्यानं कापून काढलं.

छायाचित्रं कमी असणं ही या सगळ्यातली कायमची डोकेदुखी. रेल्वेचे फोटो काढण्यावर निर्बंध होते आणि फिल्मही मिळत नव्हती, त्यामुळे शांततेच्या काळात रुळांशेजारी उभे असणारे हौशी छायाचित्रकार गायब होतात. उरतात ती सरकारी छायाचित्रं. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात ती भरपूर बघायला मिळतात, पण त्यांतली माणसं हसतमुख आणि इंजिनं जरा जास्तच स्वच्छ असतात. मी मुख्य विषयाकडे दुर्लक्ष करून कडेला चुकून आलेल्या गोष्टी बघायला शिकले. मागच्या भिंतीवरचं पोस्टर, फलाटाची कड, कुणाच्या तरी कोपरामागे दिसणारा दिवा. तिथूनच स्टेशनच्या तपशिलांची यादी झाली: अंधारात पाय चुकू नये म्हणून फलाटाची पांढरी कड, दिव्यांवर खालीच उजेड पाडणाऱ्या टोप्या, भिंतीवर ‘तुमचा प्रवास खरंच गरजेचा आहे का?’ असं विचारणारं पोस्टर. नावाचे मोठे फलक १९४० मध्ये शत्रूला वाट सापडू नये म्हणून उतरवले होते, म्हणून माझ्या फलाटावर नुसते दोन खांब आहेत. स्टेशनचं नाव काय, हे लेआउट बघणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागतं. भट्टीचा उजेड विमानातून दिसू नये म्हणून इंजिनाच्या केबिनपासून टेंडरपर्यंत ताडपत्री ताणत. ती बहुतेक तयार मॉडेल्सवर नसते. ती मी वर सांगितलेल्याच कागदाची केली. त्याखाली ड्रायव्हर आणि फायरमन दिसतच नाहीत. दोघांना रंगवलं होतं, तरी तिथेच राहू दिलं.

सध्या शोध चालू आहे सायकलींचा. विमानतळावरची पोरं स्टेशनापर्यंत सायकलींनीच येत, म्हणजे कुंपणाला टेकवलेल्या सायकलींची रांग लागेल. पितळी पत्र्यात कोरलेल्या ४ मिलिमीटर प्रमाणाच्या, म्हणजे १:७६ च्याच, सायकली मिळतात. चाकाच्या आऱ्या इतक्या नाजूक की चिमट्यात धरताना श्वास रोखावा लागतो. पुरुषी दांड्याच्या भरपूर आहेत, बायकी दांड्याच्या कमी, आणि मला दोन्ही हव्यात, कारण हमाल बायका काही विमानतळावरून येत नाहीत. मिळाल्या की प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा ठिपका द्यायचाय. ब्लॅकआउटमध्ये तो सक्तीचा होता.